कुकडीचे पाणी आणि वॉशिंग्टनचा हिशेब

जुन्नरच्या लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीतले काही छोटे दानलेख आहेत. एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. नाणेघाटातून माल चढत-उतरत होता, त्या सातवाहनकाळातली ही गोष्ट. परदेशातून आलेल्या माणसाने या डोंगरात पाण्याची सोय करून दिली आणि दगडावर एक ओळ कोरून घेतली: कोणी दिले आणि काय दिले. टाके गळके निघाले का, पाणी कोणाला मिळाले, कोणाला नाही, हे त्या ओळीत नाही. दानाला ते विचारायचे नसते.

याच खोऱ्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा परदेशी पैसा पाण्यासाठी आला. या वेळी ते दान नव्हते. ते कर्ज होते, आणि त्याच्याबरोबर जाडजूड अहवाल, तज्ज्ञांची पथके, अटी, परताव्याचे गणित आणि काम संपल्यावर करायचे मूल्यमापन, असा सगळा सरंजाम होता. कुकडी प्रकल्पाचा इतिहास सहसा धरणांची नावे, टीएमसीचे आकडे आणि आवर्तनाची भांडणे एवढ्यातच सांगितला जातो. त्यामागे हिशेब कसा मांडला गेला, कोणी मांडला आणि त्यात कोणाला धरले नाही, हा इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

याच खोऱ्यातले ओतूर हे कल्याण-नगर महामार्गावरचे मोठे बाजारगाव. माळशेज घाट चढून आलेला रस्ता इथूनच आळेफाट्याकडे जातो. गावाला मांडवी नदी, काठावर कपर्दिकेश्वराचे मंदिर, तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी, आणि श्रावणी सोमवारची यात्रा व कुस्त्यांचे आखाडे. आज ओतूरची ओळख कांद्याच्या बाजारासाठी आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या कण्याशी पाऊस धो-धो कोसळतो. आळेफाट्याच्या पुढे पारनेरच्या हद्दीत शिरेपर्यंत तोच पाऊस इतका उतरतो की ज्वारी-बाजरीचीही खात्री देता येत नाही. पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यातला हा पावसाचा उतार हेच कुकडी प्रकल्पाचे मूळ कारण. वरच्या अंगाला अडवायचे, खालच्या अंगाला न्यायचे.

त्यासाठी पाच धरणे बांधली गेली. कुकडी नदीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे, आणि ओतूरच्या पश्चिमेला आर नदीवर पिंपळगाव जोगे. पाचांचा मिळून उपयुक्त साठा तीस टीएमसीच्या आसपास जातो, त्यात सर्वांत मोठा वाटा डिंभ्याचा. येडगाव आकाराने लहान, पण सगळ्यांचे पाणी तिथे एकवटते आणि तिथूनच कुकडीचा डावा कालवा निघतो. तो जुन्नर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे तालुके ओलांडत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. जवळजवळ अडीचशे किलोमीटर. एका पाटाने सह्याद्रीचा पाऊस पूर्वेकडच्या दुष्काळी भागात इतका लांब न्यायचा, ही कल्पनाच मोठी आहे. लाभक्षेत्र दीड लाख हेक्टरांच्या वर आहे.

अशा कामात पैसा घालावा की नाही हे कसे ठरवायचे? इंग्रजांच्या काळात निकष सरळ होता. पाणीपट्टीतून व्याज सुटते का, एवढेच पाहिले जाई. सुटले तर काम ‘उत्पादक’, नाही सुटले तर दुष्काळनिवारणासाठी केलेले ‘संरक्षक’. या निकषाला पहिला गंभीर धक्का दिला तो पुण्यातून, धनंजयराव गाडगीळ यांनी. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे त्यांनी नगर जिल्ह्यातल्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली आणि तिचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटाचे पाणी आल्याने शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढले, हा थेट लाभ. पण मजुरांना काम किती मिळाले, बाजारपेठ कशी वाढली, पाट नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत या गावांचे काय झाले, हा अप्रत्यक्ष लाभ. तोही मोजला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. सरकारच्या तिजोरीत परत काय आले यापेक्षा समाजाच्या हाती काय पडले हे पाहणारी ती दृष्टी होती. पुढे १९६४ मध्ये सिंचन प्रकल्पांना मान्यता देण्याच्या निकषांवर विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्षही गाडगीळच होते. तिथून आपल्याकडे लाभ-व्यय गुणोत्तराची पद्धत रुळली: एक रुपया खर्चाला दीड रुपयाचा लाभ दिसला तर प्रकल्प ग्राह्य.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे. परदेशी तज्ज्ञ येण्याआधी आपल्याकडे प्रकल्पाची पारख करण्याची विद्या नव्हती, असा एक समज असतो. तो खरा नाही. ती विद्या डेक्कन जिमखान्यावर होती, आणि नगर जिल्ह्याच्या पाटांवर हिंडून मिळवलेली होती.

स्वतंत्र महाराष्ट्र राज्य झाल्यावर स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला. १९६२ च्या त्याच्या अहवालाने राज्याला एक कटू गोष्ट सांगितली: सगळ्या नद्या अडवल्या तरी राज्यातली बहुतेक शेती कोरडवाहूच राहणार. म्हणजे जे पाणी अडवता येईल ते फार विचाराने वाटावे लागणार. कुकडीच्या कल्पनेने साठच्या दशकात आकार घेतला, पण पुढे दोन अडथळे होते. पहिला अडथळा कायद्याचा. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. त्यामुळे इथला प्रत्येक थेंब महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्या वादात अडकलेला होता. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ मध्ये राजपत्रात आला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला कृष्णा खोऱ्यातले ५६० टीएमसी पाणी निश्चित झाले. दुसरा अडथळा पैशाचा होता. १९७२ च्या दुष्काळाने राज्य मोडून पडले होते. दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती, सुकडीवर मुले जगत होती. रोजगार हमी त्याच दुष्काळातून उभी राहिली. त्या वर्षांत धरणांना मागणी प्रचंड आणि तिजोरी रिकामी, अशी अवस्था होती.

तिकडे वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेची दिशा बदलत होती. १९६८ मध्ये अध्यक्ष झालेले रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९७३ च्या नैरोबीच्या सभेत ग्रामीण दारिद्र्य हा बँकेच्या कामाचा मध्यबिंदू असल्याचे जाहीर केले. वीज, रेल्वे, बंदरे यांच्याबरोबरीने लहान शेतकऱ्याचे शेत कर्जाच्या यादीत आले. महाराष्ट्राच्या सिंचन प्रकल्पांसाठी बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेकडून पहिले कर्ज १९७७ मध्ये मिळाले. दुसरे, २१ कोटी डॉलरचे, १९७९ मध्ये. भीमा, कृष्णा या प्रकल्पांबरोबर कुकडी या दुसऱ्या कर्जाच्या छत्राखाली आली.

कर्जाच्या अटी पाहिल्या तर आज कोणालाही नवल वाटेल. मुदत पन्नास वर्षे, पहिली दहा वर्षे परतफेड नाही, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क. याला मदत म्हणायला हरकत नाही. पण ही सवलत मिळाली ती भारत सरकारला. दिल्लीहून राज्यांना जाताना हा पैसा केंद्रीय साहाय्याच्या ठरलेल्या रीतीने जाई: सत्तर टक्के कर्ज, तीस टक्के अनुदान, आणि कर्जावर केंद्राचा नेहमीचा व्याजदर. डॉलर महागला तर ती झळ केंद्राने सोसायची, ही राज्याच्या दृष्टीने जमेची बाजू. तरी पन्नास वर्षांचा तो मऊपणा वॉशिंग्टनहून दिल्लीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. केंद्रीय साहाय्याच्या वाटपाचे सूत्र १९६९ मध्ये ज्यांच्या नावाने रूढ झाले तेही गाडगीळच, त्या वेळी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. परदेशी मदतीची पारख करताना देणाऱ्याच्या अटी आपण बारकाईने वाचतो. मधल्या हातांमधून तिचे रूप कसे बदलते हे सहसा वाचत नाही.

कर्जापूर्वीची तपासणी मात्र कसून होई. पंचाहत्तर टक्के वर्षांत भरवशाचे पाणी किती, जमीन कोणत्या प्रतीची, निचरा कसा, कोणत्या हंगामात कोणते पीक, पिकाचा भाव देशातला धरायचा की जागतिक बाजारातला, मजुरीचे मूल्य किती लावायचे, आणि या सगळ्यातून गुंतवणुकीवर वर्षाला किती टक्के आर्थिक परतावा निघतो. या शिस्तीचा फायदा आपल्या पाटबंधारे खात्याला झाला, हे मान्य केले पाहिजे. तोवर खात्याचे लक्ष धरण आणि मुख्य कालवा यांच्यावर असे. पुढे चारी, पोटचारी आणि शेतचारी ही शेतकऱ्यांनी आपापसात बघून घ्यायची बाब मानली जाई. बँकेच्या पथकांनी बोट ठेवले ते नेमके इथे. पाणी धरणात अडले, कालव्यात वाहिले, पण शेताच्या बांधापर्यंत पोचले नाही, तर परताव्याचे सगळे गणित कागदावर राहते. लाभक्षेत्र विकास प्राधिकरणे १९७४ पासून केंद्राच्या योजनेतून उभी राहत होतीच. कर्जाने त्या कामाला जोर आणि सक्ती दोन्ही दिली. पाच-आठ हेक्टरांचे चक पाडायचे, प्रत्येक चकाला दार, आणि चकात पाळीने पाणी.

इथे दोन पद्धती समोरासमोर आल्या. दख्खनच्या पाटांवर शेजपाळी चालत आली होती. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, पीक सांगतो, पाटकरी त्या पिकाला लागेल तसे पाणी शेजारापाठोपाठ शेजाऱ्याला देतो. बँकेला हवी होती ती वेळ बांधून दिलेली फेरपाळी, उत्तरेकडच्या वारबंदीच्या वळणाची: क्षेत्राप्रमाणे तास, पीक कोणते ते तुमचे तुम्ही ठरवा. कागदावर दुसरी पद्धत जास्त न्याय्य दिसते. पण पंजाबची सपाट, खोल मातीची जमीन आणि आपली चढ-उताराची, एका बांधावर काळी नि दुसऱ्या बांधावर मुरमाड जमीन, यांत फरक आहे. एका तासाच्या पाण्यात काळ्या रानाची तहान भागते, मुरमाड रान अर्धेही भिजत नाही. फेरपाळी अनेक ठिकाणी कागदावर राहिली आणि पाटकऱ्याचा शब्द चालत राहिला तो केवळ लबाडीमुळे नव्हे.

या कामासाठी माणसे तयार करणारी संस्था मात्र टिकली. १९८० मध्ये औरंगाबादला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘वाल्मी’, स्थापन झाली. बँकेचा आधार आणि पुढे अमेरिकी मदत संस्थेचे तांत्रिक साहाय्य अशा संस्थांना मिळाले. स्थापत्य अभियंता आणि कृषी पदवीधर एका वर्गात बसले, ही साधी वाटणारी गोष्ट खात्यात नवी होती. धरण बांधणाऱ्याला ज्वारीच्या मुळांची खोली कळली पाहिजे, हा विचार वाल्मीने रुजवला. तांत्रिक साहाय्याच्या नावाखाली आलेल्या पैशातला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा मी यालाच म्हणेन.

ज्या वर्षी दुसरे कर्ज मंजूर झाले त्याच वर्षी, १९७९ मध्ये, गोखले संस्थेच्याच वि. म. दांडेकर यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने आठमाही पाणीवाटपाचा अहवाल दिला. धरणाचे पाणी खरीप आणि रब्बीच्या आठ महिन्यांपुरते द्यावे, उन्हाळ्यात उसासाठी राखू नये, म्हणजे तेच पाणी कितीतरी जास्त शेतांना पुरेल. परदेशी तपासणीचा कलही हंगामी पिकांकडेच होता. म्हणजे गोखले संस्थेची परंपरा आणि वॉशिंग्टनचा अहवाल इथे एकाच बाजूला होते. दुसऱ्या बाजूला होता ऊस. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर, खाली नगर जिल्ह्यात आणखी साखर कारखाने. आज येडगावच्या आसपास किंवा घोडकाठी फिरले की कोण जिंकले ते दिसते. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. भावाची हमी, उचलण्याची हमी, कर्जाची हमी ज्या एका पिकाला आहे ते तो लावणारच. दोष पीकरचनेच्या त्या तक्त्याचा आहे, ज्यात ज्वारी, गहू, हरभरा, भुईमूग अशी टक्केवारी लिहिली गेली आणि बाजार, कारखाना आणि सहकारी बँक यांचा रकानाच नव्हता.

लाभाच्या बाजूलाही असाच न धरलेला भाग आहे. पाटाचे पाणी झिरपून विहिरींना उतरले. धरणाखालच्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, त्यांतून उपसा सुरू झाला. ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षे यांमागे मोठ्या प्रमाणात हे विहिरीचे आणि उपशाचे पाणी आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात जी उलाढाल होते, ती सत्तरच्या दशकातल्या कोणत्या अहवालाने धरली असेल असे वाटत नाही. गाडगिळांनी १९४८ मध्ये ज्याला अप्रत्यक्ष लाभ म्हटले तो हाच.

आणि एक तोटाही असा, जो कोणाच्या कल्पनेत नव्हता. उसाच्या उंच, गर्द, वर्षभर उभ्या रानाने बिबट्याला जंगलाबाहेर घर मिळवून दिले. मादी उसात पिल्ले घालते, ऊसतोड आली की पिल्ले उघड्यावर पडतात. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर परिसरात माणसांवर हल्ले वाढले आणि सारा महाराष्ट्र हादरला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने पुढे दाखवले की बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. आज माणिकडोह धरणाजवळच बिबट निवारा केंद्र आहे, आणि ओतूरच्या वनपरिक्षेत्रात संध्याकाळी पोरांना एकटे मळ्यात पाठवायला आया धजत नाहीत. धरणाच्या कर्जाचा आणि या भीतीचा संबंध सरळ रेषेचा नाही, पण संबंध आहे.

आता धरणाच्या वरच्या अंगाला जाऊ. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते आंबेगाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. जलाशयाभोवतीची वस्ती मुख्यतः महादेव कोळी. भाताची खाचरे, उतारावर नाचणी-वरई, हिरडा गोळा करून मिळणारे चार पैसे, अशी त्यांची अर्थव्यवस्था. त्यांच्या जमिनी आणि घरे गेली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर साठलेले पाणी शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या शेतांकडे निघाले. अहवालात हा भाग ‘भूसंपादन खर्च’ या एका ओळीत येतो.

पुनर्वसनाच्या बाबतीत महाराष्ट्राने कोणा परदेशी सल्लागाराची वाट पाहिली नाही, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून, सेनापती बापटांपासून, धरणग्रस्तांचा लढा इथे चालत आला होता. सत्तरच्या दशकात डॉ. बाबा आढावांनी धरणग्रस्तांची राज्यव्यापी चळवळ उभी केली. त्या दबावाखाली १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला: लाभक्षेत्रात ज्यांना पाणी मिळणार त्यांच्या जमिनीचा काही हिस्सा घेऊन तो बुडितातल्यांना द्यायचा. देशात असा कायदा इतरत्र नव्हता. जागतिक बँकेने सक्तीच्या विस्थापनाबद्दलचे आपले पहिले धोरण लिहिले ते फेब्रुवारी १९८० मध्ये, कुकडीचे कर्ज मंजूर झाल्यानंतर. म्हणजे या बाबतीत शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे तारखांवरूनच दिसते.

पण कायदा आधी आला म्हणून न्याय आधी आला असे झाले नाही. लाभक्षेत्रातल्या बागायतदाराची जमीन कापून डोंगरातल्या कोळ्याला द्यायची, याला स्थानिक राजकारणाची ताकद लागते, आणि ती बागायतदाराच्या बाजूला होती. ज्यांना जमीन मिळाली त्यांना ती आपल्या गोतापासून, हिरड्याच्या झाडांपासून आणि देवांपासून दूर शिरूरकडच्या सपाटीवर मिळाली. अनेक कुटुंबे गेलीच नाहीत. पाणी वर चढले तशी ती जलाशयाच्या काठाने डोंगरात वर सरकली आणि तिथेच राहिली.

१९९३ मध्ये जागतिक बँकेच्या मूल्यमापन विभागाने महाराष्ट्राच्या या दुसऱ्या सिंचन कर्जाकडे पुन्हा पाहिले, आणि या वेळी विषय परतावा नव्हता, विस्थापन होते. ते वर्षही लक्षात घेण्यासारखे आहे. १९९२ मध्ये मोर्स समितीने नर्मदेवरच्या सरदार सरोवराबद्दल बँकेला धारेवर धरले होते आणि मार्च १९९३ मध्ये भारताने त्या प्रकल्पाचे उरलेले कर्ज नाकारले. नर्मदेच्या खोऱ्यातून उठलेल्या आवाजामुळे बँक आपल्या जुन्या वह्या उघडायला लागली, आणि त्या वह्यांत कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातली धरणे होती. मूल्यमापन झाले ते चांगलेच. पण कर्ज मंजूर झाल्यावर चौदा वर्षांनी झाले. एवढ्या काळात डोंगरातल्या मुलीचे लग्न होऊन तिची पोरे शाळेत जायला लागतात. ज्या प्रश्नाचे उत्तर पायाभरणीच्या आधी हवे होते, तो प्रश्न संशोधनाचा विषय झाला.

डिंभ्याच्या काठी राहिलेल्या लोकांनी उत्तर स्वतः शोधले. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेबरोबर त्यांनी दोन हक्कांसाठी चिकाटीने लढा दिला. उन्हाळ्याकडे जलाशय ओसरू लागला की उघड्या पडणाऱ्या तळावर गाळपेर करायची, आणि जलाशयातली मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराला न देता आदिवासींच्या सहकारी संस्थेला मिळवायची. भात लावणारे हात जाळे टाकायला शिकले. उतारावर बांध घालून एकमेकांच्या श्रमाने खाचर तयार करण्याची पडकईची जुनी रीत त्यांनी पुन्हा उभी केली, आणि पुढे शासनानेही तिला योजनेत जागा दिली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने शाश्वतला इक्वेटर पुरस्कार दिला. कुकडीच्या कर्जाची खरी आर्थिक तपासणी कोणाला करायची असेल तर माझ्या मते या लोकांनी धरणापूर्वी काय कमावले, धरणानंतर काय गमावले आणि स्वतःच्या बळावर काय परत मिळवले, हा ताळेबंद तिच्या पहिल्या पानावर हवा.

ओतूरच्या उत्तरेला ब्राह्मणवाड्याचा डोंगर ओलांडला की अकोले आणि संगमनेरचा पठार भाग लागतो. तिथे परदेशी पैसा अगदी वेगळ्या वाटेने आला. स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा पैसा, नाबार्डचे व्यवस्थापन, आणि १९९३ पासून नगरच्या ‘वॉटर’ संस्थेचे प्रशिक्षण. संगमनेर तालुक्यातले म्हसवंडी आणि दरेवाडी ही त्यातली गाजलेली गावे. इथे पैसा मिळण्याआधी गावाला श्रमदान करून दाखवावे लागे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी लागे, आणि पाणलोटाच्या एका लहान तुकड्यावर काम यशस्वी करून दाखवावे लागे. आराखडा करताना प्रत्येक गटाचा धनी आणि त्याची कारभारीण आपल्या रानात उभी राहून बांध कुठे, झाड कोणते, हे सांगत. व्यवहार्यता अहवाल इथे शेताच्या बांधावर लिहिला गेला. अर्थात पाणलोटाचे काम लहान असते, त्यात कोणाचे घर बुडत नाही. डिंभ्याच्या आकाराच्या धरणाला हीच रीत जशीच्या तशी लावता आली असती असे मी म्हणत नाही. पण दोन्ही कामे साधारण एकाच काळात, एकाच डोंगराच्या दोन अंगांना चालू होती. विचारण्याची रीत माहीत नव्हती, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

पुढच्या काळात कर्जाचा रोख बांधण्याकडून कारभाराकडे वळला. २००५ मध्ये बँकेने महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्पाला ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा, असे दोन कायदे राज्याने केले. हे कायदे बँकेच्या आग्रहाने झाले, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. तरी पाणी शेतकऱ्यांच्या समूहाला, हक्क म्हणून मिळावे हा विचार सामूहिक पाणीवाटपाच्या आपल्याच फड पद्धतीत आधीपासून होता.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते मोजणीच्या साहाय्याबद्दल. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात बँकेच्या कर्जाबरोबर नेदरलँड्सचे तांत्रिक अनुदान होते. पर्जन्यमापक, नदीमापन केंद्रे, भूजलाच्या निरीक्षण विहिरी आणि जमा केलेली आकडेवारी साठवण्याची पद्धत असे ते काम. दुसऱ्या टप्प्यात डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पुराचा तत्काळ अंदाज आणि धरणांचे परिचालन यांची प्रणाली तयार केली. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस किती तासांत घोडमधून भीमेला भिडेल, हे आता आधी सांगता येते. उद्घाटनाची फीत कापावी असे यात काही नसते, म्हणून त्याची बातमीही होत नाही. पण कुकडी आखताना जे अंदाजाने धरले गेले ते पुढच्या पिढीला मोजून धरता येईल, ते याच कामामुळे.

त्याची गरजही लगेच पडली आहे. २०१८ मध्ये राज्याने कुकडीला सुमारे ३,९४८ कोटी रुपयांची सुधारित मान्यता दिली. आता पैसा आपला आहे, तज्ज्ञ आपले आहेत, आणि वाद डिंभे-माणिकडोह जोडबोगद्याचा आहे. डिंभे लवकर भरते, माणिकडोह बऱ्याच वर्षी रिकामे राहते; तेव्हा डोंगराखालून बोगदा काढून पाणी वळवावे, म्हणजे श्रीगोंदा-कर्जतपर्यंतच्या टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, आवर्तन मिळेल, असा प्रस्ताव आहे. टेलच्या शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. त्याने वर्षानुवर्षे कोरडा पाट पाहिला आहे. आंबेगावकरांची हरकतही खोटी नाही. बोगद्याचे तोंड धरणाच्या तळाशी ठेवले तर डिंभे उन्हाळ्यापूर्वीच मोकळे होईल, अशी त्यांना भीती आहे. ते तोंड किती उंचीवर असावे हा आकडा अभियंते काढतील, आणि तो काढता येईल इतकी मोजमापे आज आहेत. तो ठरवणाऱ्या बैठकीत घोडेगावचे बागायतदार असतील, कर्जतचे पुढारी असतील. पाणी कोणत्या महिन्यात किती उतरणार यावर ज्यांची गाळपेर आणि मासेमारी दोन्ही अवलंबून आहेत, त्या काठावरच्या आदिवासी संस्थेला त्या बैठकीचे पत्र जायला हवे, आणि ते बोगद्याच्या आराखड्यावर सही होण्याआधी जायला हवे.